इंधन संपत होतं, बोलणं सुरू होतं

२५ जानेवारी १९९०ची रात्र. न्यूयॉर्कमध्ये हवा खराब होती आणि केनेडी विमानतळावर उतरू पाहणाऱ्या विमानांची आकाशात रांग लागली होती. कोलंबियाच्या एव्हियान्का कंपनीचं ५२ क्रमांकाचं बोइंग ७०७ या रांगेत तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटं घिरट्या घालत राहिलं. शेवटी सहवैमानिकानं कळवलं, आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी आहे. किती वेळ थांबू शकाल, असं विचारल्यावर त्यानं जेमतेम पाच मिनिटं सांगितली. पर्यायी विमानतळ होता बॉस्टन. तोही आता गाठता येणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं.

एवढं सांगितल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं होतं? ‘इमर्जन्सी’ हा शब्द. तो उच्चारला असता, तर बाकीची विमानं बाजूला करून या विमानाला थेट धावपट्टीवर घ्यावं लागलं असतं. ‘प्रायॉरिटी’ला तसं वजन नव्हतं. नियंत्रकानं विमान पुढे सोडलं खरं, पण रांगेतल्या इतरांसारखंच. बॉस्टनची गोष्ट तर पुढच्या नियंत्रकाच्या कानावर गेलीच नाही.

उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टननं सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये बजावलं, इमर्जन्सी आहे म्हणून सांग. रेडिओवर गेलं ते असं: पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आलंय. तेही वळायच्या दिशेची पोच देता देता, वाक्याच्या शेपटीला. सांगितलंस का, असं कॅप्टननं पुन्हा विचारलं. सांगितलं, असं उत्तर आलं, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं सांगितलंच होतं. नियंत्रकानं विमान सुमारे १५ मैल लांब नेऊन परत वळवायचं ठरवलं आणि इंधनाच्या दृष्टीनं चालेल ना, असंही विचारलं. चालेल बहुतेक, धन्यवाद, असं उत्तर गेलं! काही मिनिटांतच एकेक करून चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथल्या टेकडीवर आदळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. टाक्या कोरड्या पडल्यामुळे आग मात्र लागली नाही.

चौकशीत मुख्य ठपका वैमानिकांवर आला: इंधनाकडे नीट लक्ष दिलं नाही आणि संकट जाहीर केलं नाही. पण इंधन संपत आल्याचं सांगायला सर्वांना एकाच अर्थानं कळेल अशी ठरलेली भाषा नव्हती, हेही नोंदवलं गेलं.

अशा अपघातांनंतर ‘त्यांचं इंग्रजी कच्चं’ हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर या अमेरिकी कंपनीचं मालवाहू ७४७ क्वालालंपूरला उतरत होतं. मलेशियन नियंत्रकानं २,४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं: ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. वैमानिकांनी यातला ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ असं धरलं आणि ४०० फूट समजून तसंच परत वाचून दाखवलं. नियंत्रकाला चूक उमगली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघंही कर्मचारी ठार झाले. वैमानिकांना इंग्रजी कमी येत होतं, असं इथे कोण म्हणेल?

रेडिओवरचं इंग्रजी हे गप्पांचं इंग्रजी नव्हेच. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. ड्रायव्हर त्यावर विचार करत बसत नाही. विमानाला दिलेली सूचनाही तशीच असावी लागते. हा धडा टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावरील अपघातानं सर्वांत महागात शिकवला. २७ मार्च १९७७ रोजी दाट धुक्यात केएलएमच्या सहवैमानिकानं ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचं विचित्र वाक्य उच्चारलं. स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, विमान धावपट्टीच्या टोकाला उभं आहे. प्रत्यक्षात ते सुटलं होतं. नियंत्रकानं आधी ‘ओके’ म्हटलं, मग थांबायला सांगितलं. पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचं विमान ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं सांगू लागलं आणि दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून कर्कश आवाजात विरले. दोन्ही विमानं एकमेकांना धडकली आणि ५८३ माणसं मेली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

भारतानं ही किंमत १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात मोजली. दिल्लीला येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचं होतं, तिथून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकानं कझाक वैमानिकांना दिली होती. तरी त्यांचं विमान खाली घसरलं आणि सौदी विमानाला धडकलं. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतंत्र उपकरण नव्हतं. ३४९ जणांचा जीव गेला. चौकशीसाठी नेमलेल्या लाहोटी आयोगानं दोष कझाक वैमानिकांना दिला. त्यांचं अपुरं इंग्रजी हेही एक कारण मानलं.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं भाषेची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आणली. २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरचे वैमानिक आणि नियंत्रक किमान चौथ्या पायरीवर हवेत, असा नियम झाला. चौथ्या पायरीवरच्यांची ठरावीक काळानं फेरपरीक्षा होते. सहाव्या पायरीवर, म्हणजे जिथे बहुतेक इंग्रजी मातृभाषावाले असतात, ती लागत नाही. ही सवलत अनाठायी आहे. भरधाव बोलणं आणि ठरलेले शब्द सोडून बोलीतले वापरणं ही खोड त्यांनाही असतेच.

इंधनाचे शब्द मात्र अखेर पक्के झाले. आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागेल, अशी वेळ आली, की ‘मिनिमम फ्युएल’ आणि तो साठा वापरल्याशिवाय उतरताच येणार नसेल, तर तीनदा ‘मेडे’ म्हणून पुढे ‘फ्युएल’. हा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला नोव्हेंबर २०१२मध्ये, एव्हियान्काचं विमान पडल्यावर २२ वर्षांनी.