चहा सोडू नका, हिशोब धरा! बाहेरच्या खाण्यातून उभं राहू शकतं तुमच्या धंद्याचं पहिलं भांडवल



"सर, धंदा करायचाय, पण भांडवल नाही." हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. त्यावर मी उलटा प्रश्न विचारतो, "मागच्या महिन्यात बाहेर खाण्यावर किती गेले?" उत्तर ठरलेलं असतं, "फार नाही सर, चहापाणीच असतं."

हे "चहापाणीच" किती असतं, ते आज कागदावर मांडू. एक गोष्ट आधीच सांगतो. चहा बंद करा, वडापाव खाऊ नका, असं मी सांगणार नाहीये. दोन चहा वाचवून कोणी कारखानदार होत नाही. पण बँकेत कर्जाला जाताना लागणारा "स्वतःचा हिस्सा" मात्र याच खर्चातून उभा राहू शकतो. कसा, ते बघा.

आधी कच्चा हिशोब

समजा, पुण्यात एका दुकानात काम करणारा एक तरुण आहे. पगार २२,००० रुपये. खोलीवर राहतो, रात्रीचं जेवण मेसमध्ये. गावी परत जाऊन मिरची कांडप आणि मसाल्याचं छोटं युनिट टाकायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याचा रोजचा बाहेरचा खर्च असा धरू:

- सकाळी पोहे आणि चहा : ३५ रुपये
- कामावर असताना दोन चहा : २४ रुपये
- दुपारी राइस प्लेट : ९० रुपये
- संध्याकाळी वडापाव आणि चहा : ३० रुपये

एकूण १७९ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,६५४ रुपये. त्यात महिन्याला चार ऑनलाइन ऑर्डर, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,२०० रुपये. मित्रांसोबत दोन पार्ट्या, वाटणीला आलेले ६०० प्रमाणे आणखी १,२००. बेरीज होते ७,०५४ रुपये. रात्रीची मेस यात धरलेलीच नाही!

म्हणजे पगाराचा जवळपास एक तृतीयांश भाग. आणि यातली एकही गोष्ट चैनीची वाटत नाही. गंमत इथेच आहे. मोठा खर्च करताना आपण दहा वेळा विचार करतो, पण बारा रुपयांचा विचार कोण करतो?

तुमच्या गावात भाव वेगळे असतील. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

खर्चाचे चार खण करा

सगळा बाहेरचा खर्च सारखा नसतो. वहीत चार खण पाडा.

१. भूक. कामावर आहात, जेवायला लागणारच. हा खर्च टाळता येत नाही, पण आधी ठरवून स्वस्त करता येतो.

२. सोय. कंटाळा आला, उशीर झाला, म्हणून मागवलं. सगळ्यात जास्त पैसा इथून जातो आणि दुसऱ्या दिवशी काय खाल्लं ते आठवतही नाही.

३. आनंद. रविवारची मिसळ, पोरांना आइस्क्रीम, बायकोसोबत महिन्यातून एकदा हॉटेल. हा खण रिकामा करू नका. जो सगळंच बंद करतो तो पंधरा दिवसांत सगळंच सुरू करतो.

४. संबंध. ग्राहकासोबतचा चहा, सप्लायरसोबतचं जेवण, ज्याच्याकडून धंदा शिकताय त्याला दिलेला नाश्ता. ही गुंतवणूक आहे. फक्त ती वेगळी लिहा, नाहीतर मित्रांच्या पार्ट्याही "नेटवर्किंग" म्हणून याच खणात घुसतात!

कात्री चालवायची ती "सोय" या खणावर. "भूक" हा खण नियोजनाने स्वस्त करायचा. "आनंद" ठरवून ठेवायचा आणि "संबंध" मोजून वाढवायचा.

आता त्याच तरुणाचा हिशोब पुन्हा मांडू

दुपारचं जेवण : रात्रीच्या मेसमध्येच दुपारचा डबा लावला. समजा त्याचे महिन्याला १,३०० रुपये जास्त गेले. राइस प्लेटला जात होते २,३४०. वाचले १,०४० रुपये. मेस लावताना खाड्याचा नियम आधी विचारा. गावी जाणार असाल तर किती दिवस आधी कळवायचं, खाडे पुढच्या महिन्यात धरणार की नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

सकाळचा नाश्ता : खोलीवर पोहे आणि चहा. खर्च १५ रुपये धरू. रोजचे २० वाचले, महिन्याचे ५२०.

कामावरचे चहा : दोनाचा एक केला. महिन्याचे ३१२ वाचले.

ऑनलाइन ऑर्डर : चारवरून एक. ९०० वाचले.

पार्टी : दोनाऐवजी एक. ६०० वाचले.

संध्याकाळचा वडापाव : तसाच ठेवला! दिवसभर राबल्यावर त्याचा तो आनंद आहे.

एकूण बचत ३,३७२ रुपये. नऊ महिन्यांत ३०,३४८ रुपये.

ज्यांचा डबा घरून येतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. घरचा डबा फुकट नसतो. भाजी, तेल, गॅस यांचा खर्च असतो, आणि पहाटे उठून तो करणाऱ्या आईचे किंवा बायकोचे कष्ट असतात. डब्यामुळे वाचलेले पैसे तुमच्या एकट्याचे नाहीत. त्यातून उभा राहणारा धंदा दोघांचा आहे, हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर भाजी चिरायला तरी बसा.

हे तीस हजार कशासाठी?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, तुम्ही ऐकला असेल. त्यात सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटांसाठी हा हिस्सा ५ टक्के आहे.

आता जोडून बघा. मसाला युनिटचा प्रकल्प ३ लाखांचा असेल तर स्वतःचा हिस्सा ३०,००० रुपये. विशेष गटात असाल तर १५,०००. म्हणजे नऊ महिन्यांची बचत बरोबर तिथे पोहोचते. हे पैसे सावकाराकडून उचलले तर पहिल्या दिवसापासून दोन हप्ते मागे लागतात. स्वतःचे असतील तर बँकेसमोर ताठ मानेने बसता येतं. शिवाय नऊ महिने न चुकता पैसे भरलेलं पासबुक तुमच्याबद्दल काहीतरी सांगतंच.

म्हणून वाचलेले पैसे त्याच खात्यात ठेवू नका. पगार झाला की दुसऱ्या दिवशी रिकरिंग डिपॉझिटला जाऊ द्या. पोस्टाची आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची असते. एक वर्षात धंदा सुरू करायचा असेल तर बँकेची एक वर्षाची आरडी सोयीची. खात्यात पडून राहिलेली बचत पुढच्या पार्टीत खर्च होते, हे मी वेगळं सांगायला नको.

खर्च दिसला पाहिजे

खिशातून नोटा जायच्या तेव्हा पाकीट हलकं झालेलं कळायचं. आता स्कॅन केलं की टिंग वाजतं आणि विषय संपतो. टपरीवर "लिहून ठेव" म्हटलं की तोही दिसत नाही, थेट महिन्याच्या शेवटी अंगावर येतो.

यावर साधा उपाय, यूपीआय लाइट. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका व्यवहारात १,००० पर्यंत देता येतात. तुम्ही दर सोमवारी त्यात ठरलेली रक्कम टाका, समजा ६०० रुपये. बाहेरचं खाणं फक्त त्यातूनच. ऑटो टॉप-अप बंद ठेवा. गुरुवारी शिल्लक संपली तर शुक्रवारी घरूनच खाऊन निघायचं. टपरीची उधारी मात्र पूर्ण बंद.

बिल वाचायला शिका

उद्या तुम्हाला दुसऱ्यांना बिलं द्यायची आहेत. मग दुसऱ्याचं बिल न वाचता पैसे देणं शोभतं का?

जीएसटी : साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर जीएसटी लावता येत नाही. आणि हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तरीही ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

सर्व्हिस चार्ज : हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलने तो बिलात आपोआप लावू नये, देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे नियम कायम ठेवले. लावला असेल तर नम्रपणे काढायला सांगा. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पाण्याची बाटली : दुकानदार किंवा टपरीवाला "थंड करायचे" म्हणून एमआरपीच्या वर पैसे घेऊ शकत नाही. बसून खायच्या हॉटेलचं वेगळं आहे, तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे जास्त दर लागू शकतो. सोपा मार्ग, बाटली घरून न्या किंवा साधं पाणी मागा.

ऑनलाइन ऑफर : समजा तुम्हाला १८० रुपयांचं जेवण हवंय. ॲप म्हणतं, २९९ च्या वर २० टक्के सूट. तुम्ही १२० रुपयांचं काहीतरी वाढवता, बिल ३००, सूट ६०, दिले २४०. ॲप सांगतं, "तुम्ही ६० रुपये वाचवले!" खरं काय झालं? ६० रुपये जास्त गेले. त्यावर प्लॅटफॉर्म फी, पॅकिंग, डिलिव्हरी वेगळी. हॉटेल दहा मिनिटांवर असेल तर फोन करून स्वतः जाऊन आणा. मेनूमधला दर आणि ॲपवरचा दर एकदा शेजारी ठेवून बघा, बऱ्याच ठिकाणी फरक दिसेल.

ज्यांना खाद्यपदार्थांचाच धंदा करायचाय...

त्यांनी बाहेर खाणं बंद करू नये, पण विद्यार्थी म्हणून खावं. प्लेटमध्ये किती पदार्थ, किती ग्रॅमचा अंदाज, दर काय, गर्दी किती ते किती वाजता, पार्सल जास्त की बसून खाणारे जास्त, कामाला माणसं किती, उरलेल्या मालाचं काय करतात. एका भेटीत एवढं लिहून आणलंत तर तो शंभर रुपयांचा नाश्ता वसूल. नुसतं "चव भारी होती" एवढंच घेऊन आलात तर तो आनंदाच्या खणात लिहा.

गल्ल्याची सवय आत्ताच लावा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा शेवटी ठेवलाय. धंदा सुरू झाला की पैसा रोज हातात येतो. मग गल्ल्यातून वीस काढून चहा, पन्नास काढून नाश्ता. "आपलाच पैसा आहे." पण तो सगळा आपला नसतो. त्यात सप्लायरचे आहेत, भाड्याचे आहेत, बँकेच्या हप्त्याचे आहेत.

तुमचा निव्वळ नफा १० टक्के असेल, तर गल्ल्यातून काढलेले ५० रुपये भरून काढायला ५०० रुपयांची विक्री करावी लागते. रोज ५० काढले तर महिन्याला १५,००० रुपयांची विक्री फक्त तुमच्या चहा-नाश्त्यासाठी!

म्हणून नियम एकच. मालकानेही महिन्याचा ठरलेला पगार घ्यायचा आणि खाणंपिणं त्यातून. आज पगारातून बारा रुपये लिहायची सवय नसेल, तर उद्या गल्ल्यातले बाराशे लिहिले जाणार नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

- सात दिवस बाहेर खाल्लेला प्रत्येक रुपया लिहा. या आठवड्यात काहीही कमी करू नका, फक्त लिहा.
- आठव्या दिवशी प्रत्येक खर्चापुढे भूक, सोय, आनंद, संबंध यातला एक शब्द लिहा.
- "सोय" खणाची बेरीज करा आणि त्याच्या निम्म्या रकमेला चारने गुणा. ही तुमची महिन्याची आरडी.
- तुमच्या धंद्याचा प्रकल्प खर्च काढा, त्याचे १० टक्के काढा आणि आरडीच्या रकमेने भागा. किती महिने लागतील ते समोर येईल. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कमाई वाढवायचा विषय याहून मोठा आहे, त्यावर आपण व्हिडिओत बोलतच असतो. पण कमाई वाढायला वेळ लागतो आणि हा हिशोब आज संध्याकाळी सुरू करता येतो.

तुमच्या "सोय" खणात किती निघाले, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आकडा लहान असो की मोठा, लाजू नका. आणि हो, चहा घेताना निवांत घ्या, फक्त नंतर वहीत लिहा.

भेटूया पुढच्या भागात.