जसलोकचं मशीन आणि खेड्यातली परीक्षानळी

देवळाली कॅम्पात मुंबईकरांनी सॅनिटोरियम बांधली ती कोरड्या हवेसाठी; छातीच्या रुग्णाला इथे उतार पडायचा. किडनी निकामी झालेल्याला हवा काय कामाची? त्याला आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चारेक तास डायलिसिस लागतं. त्यासाठी कॅम्पातला माणूस नाशिक गाठतो. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांतून किडनीतज्ज्ञ होणाऱ्यांच्या ‘डीएम’ पदवीवर शिक्का असतो तोही नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा.

सामान्य माणसाला डायलिसिस हा शब्द कळला तो, माझ्या मते, जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीतल्या कैदेतून ते नोव्हेंबर 1975 मध्ये सुटले ते किडन्या गमावूनच, आणि मुंबईच्या जसलोकमध्ये दाखल झाले. या रुग्णालयाचं उद्घाटन 1973 मध्ये इंदिरा गांधींनीच केलं होतं! मशीनसाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान निधीतून आलेले नव्वद हजार मात्र जेपींनी परत पाठवले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी मूळचे मद्रासचे, ऑस्ट्रेलियात शिकून आलेले. मार्च 1979 मध्ये तर संसदेत जेपींना श्रद्धांजलीही वाहून झाली, आणि रुग्ण इकडे जसलोकमध्ये जिवंत होता.

पुढे मणी चेन्नईच्या अपोलोत गेले. किडनीच्या खरेदी-विक्रीवर ते उघडपणे तुटून पडले. 1991 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते यानंतरच्या कामात. देशातल्या बहुतेकांना डायलिसिस परवडणारच नाही, हा हिशेब त्यांनी सरळ मांडला आणि चेन्नईजवळच्या खेड्यांत, सुमारे 25 हजार वस्तीत, किडनी बिघडण्याआधीच रोगी हुडकायला सुरुवात केली. आरोग्यसेविका घरोघर जात. लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे. गढूळ झाली की प्रथिनं जातायत. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी घालून उकळायची. रंग हिरवा, पिवळा, विटकरी झाला की साखर. शिवाय रक्तदाब मोजायचा. सापडलेल्यांना औषधं जुनी आणि स्वस्त: मधुमेहाला मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड, रक्तदाबाला रिसर्पिन, हायड्रॅलझिन आणि लघवी वाढवणारी गोळी. खर्च माणशी वर्षाला अर्ध्या डॉलरच्याही आत. ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये 2003 साली हे छापून आलं. जेपींच्या डॉक्टरची ही कामगिरी आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

कॅम्पाजवळच्या भगूर-लहवितच्या आशा सेविकांना यातलं काय जमणार नाही? रिसर्पिनचं नाव काढलं की आजचे तरुण डॉक्टर हसतील, हे खरं. पण ते सर्पगंधेच्या मुळीतलं औषध. रक्तदाबावरचा या मुळीचा गुण 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे ठेवला तो मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी.