उचल कोणाची, बोजा कोणावर?



आज खत-औषधांची गोष्ट नाही. आज उचलीची गोष्ट सांगायची आहे.

उचल म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पेरणीच्या वेळी हात आखडलेला असतो, म्हणून आपण अडत्याकडून पैसे उचलतो. कागद होत नाही, व्याजाचे बोलणेही निघत नाही. पण माल निघाला की गाडी त्याच्याच दुकानापुढे उभी करावी लागते. शेजारच्या गाळ्यावर क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळत असले, तरी मुकाट्याने त्याची पट्टी घ्यावी लागते. माल आपला, घाम आपला, भाव मात्र त्याचा.

राजकारणातला पैसाही असाच चालतो. निवडणूक ही एक पेरणीच आहे. गाड्या, सभा, मांडव, पत्रके, जेवणावळी यांना पैसा लागतो. तो एकट्या उमेदवाराच्या खिशातून क्वचितच येतो. कोणीतरी उचल दिलेली असते आणि सुगीच्या वेळी तो दारात उभा राहतो. मग कोणाला ठेका हवा असतो, कोणाला जमीन, कोणाला सवलत. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही.

जुना इशारा

हे दुखणे नवे नाही. १९५७ साली एका मोठ्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपले नियम बदलून मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली. पण कंपन्यांच्या देणग्यांची ही प्रथा वाढली तर ती लोकशाहीचाच गळा आवळील, असा इशाराही दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. बंदीने पैसा थांबला नाही, तो टेबलाखालून वाहू लागला. १९८५ मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या ठरावीक हिश्शापर्यंत देणगी देण्याची मुभा मिळाली. पाणी अडवले तर ते बांध फोडते, मोकळे सोडले तर माती वाहून नेते. दोन्ही गोष्टी आपण शेतात पाहतोच.

सातबाऱ्यावर न चढलेला बोजा

आपण जमीन विकत घेताना आधी काय पाहतो? सातबारा. त्यातही इतर हक्कांचा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. मग ज्याच्या हाती पाच वर्षे कारभार द्यायचा, त्याच्यावर कोणाचा बोजा आहे हे नको का पाहायला?

२०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा आणि पक्षाने तो पंधरा दिवसांत वटवायचा, अशी ही योजना होती. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे. त्याआधीच, २०१७ मध्ये, कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली होती. या रोख्यांतून सर्व पक्षांना मिळून १६,००० कोटी रुपयांहून अधिक पैसा गेला. बोजा होता, पण तो सातबाऱ्यावर चढत नव्हता.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना रद्द केली. पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. कंपन्यांना दिलेली अमर्याद देणग्यांची मोकळीकही रद्द झाली. मार्च २०२४ मध्ये एप्रिल २०१९ पासूनच्या रोख्यांची नावे निवडणूक आयोगाने लोकांपुढे ठेवली.

काही भोके अजून बुजायची आहेत. २०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पण पक्षाने करायच्या खर्चाला मर्यादाच नाही. पक्षांना २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची नावे आयोगाला कळवावी लागतात, त्याखालची नाहीत. कुंपण तीन बाजूंनी घालून चौथी बाजू मोकळी ठेवली, तर जनावर कोठून शिरेल हे सांगायला नको. पक्षाच्याही खर्चाला मर्यादा हवी आणि लहान देणग्यांचाही हिशेब हवा, ही मागणी आपण केली पाहिजे.

आपल्या घरातली उचल

आता थोडे कडू बोलतो. काही वर्षांपूर्वी एका गावी गव्हाचे पीक पाहायला गेलो होतो. गहू पोटरीला आलेला आणि डीपी जळून बारा दिवस झालेले. विहिरीत पाणी होते, पण मोटार बंद. गावकरी नुकत्याच निवडून आलेल्या सदस्याकडे निघाले, मीही सोबत गेलो. तो म्हणाला, "मत काय फुकट दिलं व्हतं का? घरटी पैसं पोचवलं, व्यवहार मिटला."

सगळे गप्प झाले. इतक्यात मागून एक म्हातारी पुढे आली. "माझ्या घरात तुझा पैसा आला न्हाई, बाबा. मी परत धाडला व्हता. आता मला सांग, डीपी कधी बसणार?" त्याला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. त्याच संध्याकाळी त्याने वीज कचेरीत खेप घातली. डीपी आठ दिवसांनी बसला. तोवर निम्मा गहू गेला होता.

पाचशे रुपये पाच वर्षांनी भागा. दिवसाला पावली-तीस पैसे पडतात. तेवढ्यावर आपण विचारायचा हक्क गहाण टाकतो.

हे करून पाहा

मी सरकारी नोकर. कोणाला मत द्या हे सांगणे माझे काम नाही. पण चार गोष्टी सांगतो.

१. उमेदवाराचे शपथपत्र पाहा. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सारे त्यात असते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते वाचून घ्या.

२. मतासाठी पैसा देणारा आणि घेणारा, दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत. तक्रार लोकसभा-विधानसभेच्या वेळी मोबाइलवरच्या सी-व्हिजिलमध्ये करता येते.

३. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर तीन वर्षे निवडणूक लढवण्यास बंदी होऊ शकते.

४. तो हिशेब कोणालाही पाहता येतो. नियमाप्रमाणे त्याची फी आहे एक रुपया.

जिल्ह्याच्या गावी बियाण्याला, बँकेला, दवाखान्याला आपण जातोच. एखाद्या खेपेला चौघे मिळून तो हिशेब मागा. आपल्या गावात किती गाड्या फिरल्या आणि किती पंगती उठल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. कागदावर किती उतरले, तेही पाहा. एका रुपयात एवढी मोठी माती-परीक्षा दुसरी कुठे होत नाही.