एकामागून एक चाचण्या आणि पाच टक्क्यांचा हिशेब

संख्याशास्त्रात ‘शून्य गृहीतक’ म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे विधान. नवे औषध आणि जुने औषध सारखेच, संकेतस्थळावरचे लाल बटण आणि निळे बटण सारखेच. हाती आलेली आकडेवारी या विधानाशी फारच विसंगत दिसली, तर ते नाकारले जाते. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५च्या पुस्तकापासून ५ टक्क्यांची सीमा रूढ झाली. फरक नसतानाही तो आहे असे म्हणण्याची चूक शंभरात पाचदा चालेल, असा तिचा अर्थ. एका चाचणीपुरते हे ठीक. पण फरक मुळीच नसलेल्या वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, की निदान एक तरी खोटा निकाल लागण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते.

कार्लो बॉन्फेरोनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा उपाय सोपा आहे: ५ टक्क्यांना चाचण्यांच्या संख्येने भागायचे. त्याने खोटे निकाल आटोक्यात येतात, पण बरेच खरे शोधही निसटतात.

योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये प्रश्नच बदलला. एकही चूक नको, हा हट्ट सोडून त्यांनी जाहीर झालेल्या शोधांपैकी खोटे सरासरीने किती, याला मर्यादा घातली. समजा, हजार कल्पनांपैकी ५० खऱ्या आहेत आणि चाचणी त्यांतल्या ४० ओळखते. उरलेल्या ९५० पैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ४७, निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक ‘शोध’ खोटे! बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत हे प्रमाण ठरवलेल्या पातळीखाली ठेवते. मात्र त्यासाठी सगळ्या चाचण्यांची पी-मूल्ये (फरक नसताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता) एकदम हाती असावी लागतात, कारण ती चढत्या क्रमाने लावूनच निवाडा होतो.

खरी अडचण इथे आहे. मोठ्या संकेतस्थळांवर रोज नवे प्रयोग सुरू होतात; आजचा निर्णय आजच घ्यावा लागतो आणि पुढे किती चाचण्या येतील हे ठाऊक नसते. ५ टक्के थोडेथोडे खर्चायचे म्हटले आणि प्रत्येक वेळी उरलेल्याचा निम्मा भाग वापरला, तर दहाव्या चाचणीच्या वाट्याला ०.००५ टक्केही येत नाहीत.

डीन फॉस्टर आणि रॉबर्ट स्टाइन यांनी २००८ मध्ये सुचवलेली ‘अल्फा-इन्व्हेस्टिंग’ ही युक्ती खरोखर सुरेख आहे. चुकीची मुभा हे भांडवल मानायचे. चाचणी फसली की त्यातून रक्कम वजा होते. गृहीतक नाकारले गेले की ठरावीक रक्कम जमा होते. शोध लागत गेले तर पुढच्या चाचण्यांना उदारपणे वागवता येते. म्हणूनच क्रमाला महत्त्व येते: आश्वासक कल्पना आधी तपासलेल्या बऱ्या. दीर्घकाळ काहीच हाती लागले नाही तर मात्र भांडवल आटते, आणि पुढे खरा परिणाम आला तरी तो ओळखण्याइतकी ताकद उरत नाही.

आदेल जावनमर्द आणि आंद्रेआ मोंतानारी यांच्या ‘लॉर्ड’ पद्धतीत पुढची सीमा मागचे शोध केव्हा लागले यावरून ठरते. २०१८ची ‘सॅफ्रन’ ही पद्धत मांडणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आदित्य रामदास होते. तिच्यात आश्वासक दिसणाऱ्या, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा लहान पी-मूल्य आलेल्या चाचण्यांचा भार भांडवलावर पडत नाही.

खोट्या शोधांचे प्रमाण मर्यादेत ठेवण्याच्या या पद्धतींच्या हमींना अटी आहेत. पी-मूल्ये एकमेकांपासून स्वतंत्र असावीत, असे बहुतेक सिद्धतांत धरलेले असते. तेच ग्राहक अनेक प्रयोगांत असले की ते डळमळते. शिवाय फसलेली प्रत्येक चाचणीही हिशेबात धरावी लागते. ती वगळली, तर भांडवल कागदावर शिल्लक दिसते आणि खोट्या शोधांचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते.