एका रेघेत न मावणारं कोडं
वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली चेतापेशीचं गणिती रूप मांडलं: येणाऱ्या संकेतांची बेरीज उंबरठ्याला पोचली तर पेशी चेतते, नाहीतर गप्प. फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या १९५८ च्या परसेप्ट्रॉन या कृत्रिम पेशीत शिकणंही आलं. उत्तर चुकलं की संकेतांची वजनं, म्हणजे बेरजेत कोणता संकेत किती मोजायचा ते, थोडी हलवायची.

आता जिन्यातला दिवा घ्या. वर एक बटण, खाली एक. दोन्ही सारखी असली तर दिवा बंद, वेगळी असली तर चालू. या चार शक्यता कागदावर चौरसाचे कोपरे म्हणून मांडा. ‘चालू’चे दोन बिंदू तिरपे समोरासमोर येतात. त्यांना ‘बंद’पासून तोडणारी एक सरळ रेघ काही केल्या ओढता येत नाही, आणि एकट्या परसेप्ट्रॉनकडे त्याच्या उंबरठ्याने आखलेली तेवढी एकच रेघ असते. मिन्स्की आणि पेपर्ट यांनी १९६९ मध्ये ही मर्यादा ठळकपणे दाखवली.

संकेत आणि शेवटची पेशी यांच्यामध्ये दोन पेशींचा थर घातला की दोन रेघा मिळतात. पण चूक दिसते ती शेवटी. मग मधल्या पेशीचा दोष किती? मला सगळ्यात सुंदर वाटतो तो याचा हिशेब. कलनशास्त्रातला साखळी नियम ती चूक थराथरातून मागे वाटत नेतो. त्यासाठी उंबरठ्याच्या जागी गुळगुळीत वक्र घ्यावा लागतो. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या शोधनिबंधाने ही रीत सर्वदूर पोचवली.