सत्तर नंबरची गाडी

अमेरिकेतल्या नॅस्कारच्या स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत जे. डी. मॅकडफी 653 शर्यती धावले. त्यातली एकही जिंकले नाहीत. विजयाशिवाय इतक्या शर्यती दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. हा आकडा लोक हसत हसत सांगतात, तेव्हा मला वाईट वाटतं. 1963 ते 1991 या काळात स्वतःची गाडी स्वतः उभी करून मैदानात आणणं म्हणजे काय, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मॅकडफी उत्तर कॅरोलिनातल्या सॅनफर्डचे. तोंडात सिगार, गाडीवर बहुतेक वर्षं 70 हा नंबर. गाडीचे मालक तेच, मेस्त्री तेच आणि ड्रायव्हरही तेच. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. 1949 मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा खरोखर तशाच गाड्या पळायच्या. पुढे त्या निव्वळ शर्यतीसाठी बांधल्या जाऊ लागल्या आणि खर्च वाढत गेला. ज्यांच्यामागे कारखाना किंवा बडा प्रायोजक होता त्यांना तो परवडला. मॅकडफींच्या गाडीवर नाव असायचं ते रंपल फर्निचरसारख्या एखाद्या दुकानाचं.

अशा माणसाची शर्यतच वेगळी असते. पहिल्या नंबराला मोठं बक्षीस असतं, पण विसाव्यालाही थोडे पैसे मिळतात, आणि त्या पैशांवर पुढच्या रविवारचं पेट्रोल-टायर भागवायचं असतं. त्यामुळे इंजिन शेवटपर्यंत टिकवायचं. भिंतीला घासायचं नाही. मागून आघाडीची गाडी आली की तिला वाट द्यायची. नवे टायर महाग, मग जुन्यांतूनच आणखी काही फेऱ्या काढायच्या. पाय ॲक्सिलरेटरवर दाबायची इच्छा होत असताना तो आवरून धरण्यात केवढं कसब लागतं! या शिस्तीवर त्यांनी 100 हून अधिक वेळा पहिल्या दहांत गाडी आणली. सर्वांत वरचा क्रमांक तिसरा, 1971 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माल्टा इथे.

एकदा मात्र सगळी रांग त्यांच्या मागे उभी राहिली. 1978 मध्ये पेन्सिल्व्हेनियाची मॅक्रिअरी ही टायर कंपनी गुडइयरला टक्कर द्यायला उतरली होती. मॅकडफींनी तिचे टायर चढवले. सप्टेंबरात डोव्हरच्या एक मैलाच्या ट्रॅकवर पात्रता फेरीत सर्वांत वेगवान गाडी 70 नंबरची ठरली! शर्यत सुरू झाली, सुरुवातीला ते आघाडीवर राहिले, आणि मग इंजिनानं दगा दिला. शर्यत बॉबी ॲलिसन जिंकले. मॅकडफींच्या आयुष्यातली ती एकमेव पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा.

1988 मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर पात्रता शर्यतीच्या आधी त्यांचे अग्निरोधक हातमोजे चोरीला गेले. मोज्यांविनाच ते उतरले. अपघात झाला, गाडीनं पेट घेतला आणि दोन्ही हात वाईट भाजले. माझ्या मते हा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका आहे. शर्यतीत उतरलंच नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर पुढची शर्यत नाही, हे गणित त्यांना पाठ होतं. हात बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा स्टीअरिंग धरलं.

ऑगस्ट 1991 मध्ये ते वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर शर्यतीसाठी आले. शनिवारी रात्री जवळच्या ओवेगो गावच्या छोट्या ट्रॅकवर एक प्रदर्शनीय शर्यत होती. ती त्यांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी, 11 तारखेला, मुख्य शर्यतीच्या पाचव्या फेरीत, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला पाचव्या वळणावर त्यांच्या गाडीचं चाक निखळलं. गाडी जिमी मीन्स यांच्या गाडीला धडकली, गवतावरून घसरत कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळली, उडाली आणि छपरावर पडली. मीन्सही त्यांच्यासारखेच, स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. ते आपल्या गाडीतून उतरून धावत गेले, आत डोकावले आणि मदतीसाठी जीव तोडून हात हलवू लागले. मॅकडफी जागीच गेले होते. वय 52.

पुढच्या वर्षी त्या वळणाच्या आधी वेग कमी करण्यासाठी रस्त्याला नागमोडी तुकडा जोडला गेला. तिथे आजही प्रत्येक ड्रायव्हरला ब्रेक मारावा लागतो.