फायबर घ्यावं की ५जीचा डबा?

घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं की विक्रेता वेग सांगतो: १००, २००, ३००. तो वेग किती जणांत वाटला जाणार, हे मात्र कोणी सांगत नाही. फायबर आणि टॉवरवरून येणारं इंटरनेट यांतला मोठा फरक या वाटणीतच आहे.

आधी फायबर. कंपनीच्या केंद्रातून निघालेला काचेचा एक धागा गल्लीतल्या खांबावरच्या डब्यापर्यंत येतो. त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्या डब्यात स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही. आलेला प्रकाश तो फक्त वाटून देतो, साधारण ३२ किंवा ६४ घरांना. प्रकाशाचे दोन भाग केले की ३ डेसिबल गेले. ३२ वाटे करायचे तर पाचदा निम्मं करावं लागतं, म्हणजे निदान १५ डेसिबल गेले. तरी घरातला डबा एवढा मंद प्रकाशही नीट वाचतो. आपल्याकडे सर्रास असलेल्या जीपॉन पद्धतीत अशा एका धाग्यावर डाउनलोडसाठी सुमारे २.५ गिगाबिट आणि अपलोडसाठी १.२५ गिगाबिट जागा असते. बत्तीसही घरांनी एकाच क्षणी ओढलं तरी प्रत्येकाला पंचाहत्तरच्या आसपास एमबीपीएस मिळतात. शिवाय वाटेकरी ठरलेले. रस्त्यावरून जाणारा माणूस त्यात घुसत नाही.

बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी. घरातल्या डब्यावर ‘एलओएस’पाशी लाल दिवा लुकलुकायला लागला, की प्रकाश घरापर्यंत पोचत नाही असं समजायचं. उंदराने कुरतडलेलं असतं, जेसीबीने रस्ता खणताना तोडलेलं असतं, नाहीतर आपणच कपाट सरकवताना वायर काटकोनात दुमडलेली असते. काच फार वाकली की प्रकाश गाभ्याबाहेर निसटतो. तुटलेल्या काचेला चिकटपट्टीही चालत नाही. दोन टोकं यंत्रात वितळवून सांधावी लागतात, आणि त्यासाठी लाइनमनची वाट पाहावी लागते.

आता हवेतलं. एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये आणि जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, ‘एअरफायबर’ सुरू केलं. सुरुवातीच्या शहरांत दोघांचीही मुंबई होती. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक रिसीव्हर लावतात, तो ५जी टॉवरशी बोलतो आणि तिथून एक केबल घरातल्या राउटरला येते. मुख्य भार असतो ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. या लहरींना सिमेंटच्या भिंतींचं वावडं, म्हणून तर रिसीव्हर बाहेर लावायचा. पावसाच्या सरीने त्यांचं फारसं बिघडत नाही. समोरच्या झाडाची ओली, दाट पालवी मात्र नडते. मे महिन्यात बसवलेलं जुलैत मंदावलं, तर आधी झाडाकडे बघावं.

इथले वाटेकरी मोजता येत नाहीत. टॉवरच्या त्याच भागात शेजारचे मोबाइल असतात, सिग्नलला थांबलेली बस असते, क्रिकेटची मॅच बघणारी अख्खी चाळ असते. त्यात अपलोड आणि डाउनलोड एकाच लहरीवर, आळीपाळीने चालतात आणि जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. त्यामुळे सिनेमा मजेत दिसतो, पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये आपलाच चेहरा गोठतो. डेटाची मर्यादाही बघून घ्यावी: जिओच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये फायबरला महिन्याला ३३०० जीबी, तर एअरफायबरला १००० जीबी.

माझं मत विचाराल तर फायबर मिळत असेल तिथे दुसरा विचार करू नये. शेतातलं घर, भिंतीला भोक पाडू न देणारा घरमालक, वर्षभराने बदलणारा पत्ता, अशा ठिकाणी ५जीचा डबा उत्तम. तो उचलून नेता येतो.

एक फसवणूक मात्र ओळखा. काही केबलवाले फायबर इमारतीपर्यंतच आणतात आणि जिन्यातल्या स्विचमधून घरात साधी लॅन केबल सोडतात. जिन्यातली वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद. घरात येणारी वायर कोणती, हे पैसे देण्याआधी विचारा.

सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याऐवजी आधी एकच महिना घ्या. रात्री नऊला लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि अपलोडचा आकडा बघा. वायफायवर मोजलंत, तर दोष कंपनीचा की तुमच्या घराच्या भिंतींचा, हे कळणार नाही.